वर्षभर वापरलेली मननाची डायरी: चार रेघांसाठी घ्या, गोष्टींसाठी घेऊ नका

एप्रिलमध्ये, रोज बायबलचं वचन वाचून मनन करायच्या या डायरीचा पुठ्ठा हातात राहिला आणि पानं सगळी मांडीवर. ऑक्टोबर एकीकडे, मार्च दुसरीकडे. विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, तर उत्तर आलं की उन्हात ठेवली असेल. आम्ही जालना जिल्ह्यात पत्र्याच्या घरात राहतो. एप्रिलमध्ये सावलीतसुद्धा पारा 40 च्या वर जातो. डायरी कपाटात बायबलशेजारी होती. नुसत्या डिंकावर चिकटवलेली, शिवण नसलेली वस्तू मराठवाड्यात विकायची आणि ऊन लागलं म्हणून गिऱ्हाईकालाच दोष द्यायचा, हे मला मुळीच पटलेलं नाही. बदलून देणार नाही, दुरुस्त करणार नाही, आणि शेवटी मेसेजला उत्तरही नाही. 380 रुपये डायरीचे, वर 60 कुरिअरचे. शेवटी जालन्यात एका बाइंडरकडे नेली. त्याने दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवून दिली, 70 रुपयांत. हीच शिवण छापतानाच घातली असती तर काय बिघडलं असतं?

डायरी कोणती हे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे फार सांगत नाही. दिवसाला एक पान. वर वचन, मधे निसर्गातली किंवा घरातली एखादी गोष्ट आणि तिच्यातून बोध, मग दोन ओळींची प्रार्थना, आणि सगळ्यात खाली चार कोऱ्या रेघा. सासूबाईंना वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरांची घेतली. छपाई चांगली आहे, शाई पाठीमागे उमटत नाही. आम्ही जूनच्या पानापासून सुरुवात केली आणि रोज संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत वाचली.

पहिले दोन-तीन महिने मला त्या चार रेघांचाच राग येत होता. पानाचा जवळजवळ पाव भाग कोरा. म्हणजे माझ्या 380 रुपयांतले निदान 80-90 रुपये कोऱ्या कागदाचे गेले, असा माझा हिशेब. तेवढ्या जागेत वचनाचा मागचा-पुढचा संदर्भ दिला असता तर उपयोग झाला असता. गोष्टींकडून मात्र अपेक्षा होती, कारण डायरी घेतलीच त्यासाठी.

गोष्टींनी निराशा केली. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे सोयाबीनची मळणी चालू आणि डायरीत मेपलची लाल पानं गळतायत. डिसेंबरमध्ये हुरडा भरत आलेला आणि डायरीत अंगणातला बर्फ फावड्याने ओढतायत. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आणि डायरीत बर्फ वितळून ट्युलिप वर येतायत. कुठल्या तरी थंड देशातलं पुस्तक उचलून मराठीत उतरवलंय हे उघड दिसतं. थंड देशातल्या माणसाने आपल्या अंगणातून बोध घ्यावा, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण मराठी वाचकासाठी छापताना कुणीतरी खिडकीबाहेर बघायला हवं होतं. इथे जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी 19 व्या शतकात बेथेल गाव वसवलं. तेव्हापासून या मातीत शुभवर्तमान आणि नांगर बरोबरच चाललेत. उदाहरणांसाठी बर्फापर्यंत जायची काय गरज होती?

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की बायबल स्वतः आपल्यासारख्याच मुलुखातलं आहे. यरुशलेमला वर्षाला साधारण 550 मिलीमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्याच्या चार-पाच महिन्यांत. उन्हाळा अख्खा कोरडा. विहिरी, हौद, मेंढरं, काटे, खळी, अंजीर. येशूला बघायला जक्कय ज्या झाडावर चढला ते आपल्या उंबराच्याच कुळातलं. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट बघतो. तिकडे पहिल्या पावसावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गहू-जव पेरायचे आणि मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसावर दाणा भरायचा. परतीच्या पावसाकडे डोळे लावून शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरणाऱ्याला हे वचन कुणी समजावून सांगायला लागत नाही. डायरीने या वचनाखाली विमानतळावर उशिरा आलेल्या विमानाची गोष्ट दिली आहे.

पान बदलून पुढे जावं असं हे वाचून वाटायचं. तेवढ्यात रेघांचं झालं असं.

सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, "लिही गं, मी सांगते." त्यांचा हात थरथरतो, लिहिता येत नाही. त्या दिवशी पान होतं भुकमळांचं, म्हणजे रानातल्या लिलीसारख्या फुलांचं, मत्तयच्या शुभवर्तमानाचा 6 वा अध्याय. सोबत दुकानातल्यासारख्या पांढऱ्या लिलीचं चित्र. सासूबाईंनी सांगितलं ते तरवडाचं. माळावर, मुरमात, कुणी पाणी घालत नाही, शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, आणि घटस्थापनेच्या सुमाराला पिवळाधमक फुललेला. मग त्या वचनाच्या पुढच्या भागावर आल्या: रानातलं गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडतं. "आम्ही पऱ्हाट्या न् तुराट्या चुलीत घालतो, तसंच की ते," म्हणाल्या. मी इतकी वर्षं हे वचन ऐकते, पण भट्टीत गवत का घालतात याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. लाकूड कमी असलेल्या मुलुखात बाई जे वाळलेलं हाताशी येईल ते जाळते. चार रेघा भरल्या आणि समासात लिहावं लागलं.

त्यानंतर आमच्या घरी डायरीचा क्रमच उलटा झाला. वचन वाचायचं, गोष्ट सोडून द्यायची आणि रेघांवर यायचं. आता मी ठामपणे म्हणते की या डायरीत पैसे वसूल करणारी जागा तेवढीच आहे.

रविवारच्या शाब्बाथशाळेतल्या मुलांचा प्रश्न घ्या. पेरणाऱ्याचा दाखला सांगितला की आमच्याकडची मुलं विचारतात, त्या माणसाने वाटेवर बी टाकलंच कशाला? बरोबर आहे त्यांचं. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र किंवा तिफण बघितलेल्या मुलाला, बियाण्याच्या बॅगेसाठी बाप कुणाकडे उसने मागतो हे ठाऊक असलेल्या मुलाला, तो पेरणारा बेफिकीर वाटणारच. डायरीत यावर काही नाही. सासूबाई म्हणाल्या, मेथी-कोथिंबीर आपण फोकून टाकतो, तेव्हा चार दाणे बांधावर पडतातच. हात मोकळा सोडला की तसं होतं. मग मला म्हणाल्या, "देवाचा हात मोकळा आहे, असं लिही." मी तेवढंच लिहिलं. पुढच्या रविवारी मुलांना परसात नेऊन मेथी फोकायला लावली. वाफ्याबाहेर पडलेले दाणे त्यांनी स्वतः दाखवले.

सरव्याचं, म्हणजे काढणीनंतर शेतात पडून राहिलेलं वेचण्याचं, पान मात्र आमच्या घराला महागात पडलं, आणि ते सांगायलाच हवं. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात हातात पडत होते चार हजारांच्या आसपास. अशा वर्षी सरवा वेचायला येणाऱ्या बायकांना यंदा येऊ नका म्हणून सांगायचं, असं आमच्या ह्यांनी ठरवलं होतं. शेंगा फुटून खाली पडलेलं आपणच गोळा करू, तेवढेच चार पैसे. लेवीयच्या 19 व्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाला आणि उपऱ्याला ठेवा असं लिहिलंय. रूथच्या पुस्तकात तर शेताचा मालक बवाज आपल्या माणसांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही काड्या सरवा वेचणाऱ्या रूथसाठी ओढून टाका. मी हे वाचलं आणि ह्यांच्याकडे बघितलं नाही. सासूबाईंनी पहिल्यांदाच काही सांगितलं नाही. चारही रेघा कोऱ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी हेच म्हणाले, "येऊ दे त्यांना."

पुढे शाळू काढताना बांधाकडची दोन तासं तशीच ठेवली. वस्तीवरची एक म्हातारी आली. कणसं खुडताना ती प्रत्येक कणीस तळहातावर घासून दोन दाणे तोंडात टाकायची, भरलंय की पोचट बघायला, आणि मगच पदराच्या ओट्यात घालायची. पोचट असेल ते धाटाजवळ ठेवून द्यायची, फेकायची नाही. रूथने वेचलेलं झोडून बघितलं तेव्हा एफाभर जव निघाले असं बायबलमध्ये मोजून सांगितलंय. हे मोजमाप तिथे कशाला दिलंय ते मला या बाईकडे बघताना कळलं. तिच्या घरी ते धान्य मोजलंच जाणार होतं.

आता विहीर. आमची जुनी विहीर तीन भावांच्या सामाईकीत. शेजारी सगळ्यांनी बोअर पाडले, काहींचे 600 फुटांपर्यंत गेले, आणि विहिरीत आम्ही सगळ्यांनीच पालापाचोळा, दगड, फाटके पाइप टाकले. यंदा गाळ काढायचं ठरलं. गाळ वर ओढायला यारी लावली. आधी काळा चिखल, मग खापरं, मग मोटेचं गंजलेलं लोखंडी कडं, मग मुरूम, आणि खाली कातळाच्या सांध्यातून बोटभर जाडीची धार. उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायात इसहाक बापाच्या वेळच्या, पलिष्ट्यांनी मातीने बुजवलेल्या विहिरी पुन्हा खणतो आणि बापानं ठेवलेलीच नावं त्यांना ठेवतो. पुढे नव्या विहिरींवरून भांडणं होतात. पहिली सोडतो, दुसरी सोडतो, तिसरीवर कुणी भांडत नाही. आमच्याकडे पाणी लागलं त्याच आठवड्यात पाळीवरून दोन दिरांचं वाजलं. ते अजून मिटलेलं नाही. ही चार रेघांची नोंद मी तशीच ठेवली आहे. डायरीतली गोष्ट असती तर तिने शेवटच्या ओळीत सगळ्यांची गळाभेट घडवली असती.

एक पान मात्र मी शिवून घेतानाच काढून टाकलं. दुष्काळाचं. त्यात लिहिलं होतं की जमीन कोरडी पडते तशी देवापासून दूर गेलेल्यांची अवस्था होते आणि पाऊस थांबतो तेव्हा आपण आपली पापं शोधावी. हे वाचताना सासूबाई उठून आत गेल्या. 1972 च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या, सुकडीवर मुलं जगवली. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या नळासमोर घागरी लावलेल्या बायकांना कुणी पापाचा हिशेब विचारणार आहे का? प्रभूने स्वतः हा प्रश्न मोडून काढलाय. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं समजता काय, असं विचारून तो "नाही" म्हणतो, लूक 13. आणि मत्तय 5 प्रमाणे पाऊस नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पडतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यात उभी पिकं झोपवली, तेव्हा ती कुणाची प्रार्थना किती झाली हे बघून पडली नाही. दिसेल त्या संकटातून बोध काढायलाच हवा, असा हट्ट चुकीचा आहे. काही संध्याकाळी स्तोत्र वाचून गप्प बसावं. ईयोबाला देवाने 38 व्या अध्यायात पाऊस, गारा, दहिवर सगळं दाखवलं, पण तुझी मुलं का गेली याचं उत्तर त्यातही दिलं नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी जवळच्या कुणाकडून हातात घेऊन शिवण बघून घ्यावी, ऑनलाइन मागवू नये. मोठ्या अक्षरांचीच घ्यावी, कारण साध्या आवृत्तीत रेघा अरुंद आहेत. प्रकाशक हे वाचत असतील तर त्यांना विनंती आहे: महिने इथल्या हंगामाने लावा, जूनमध्ये मृगाची पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस, जानेवारीत हुरडा, उन्हाळ्यात विहीर. दुष्काळाचं पान काढा. लिहायला मराठवाड्यातल्या मंडळ्यांतून बाया-माणसं मिळतील, मानधनही फार मागणार नाहीत.

पुढच्या वर्षी मी 380 रुपये घालणार नाही. दोनशे पानी शिवलेली वही आणायची, वर रोजचं वचन लिहायचं आणि खाली रेघा आखायच्या. रेघा मात्र चार नकोत, सहा हव्यात, असं सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय.