कॅनन 50 एमएम 1.8 एसटीएम : मरीन ड्राइव्हवरच्या संध्याकाळी

दहा हजारांच्या आसपास मिळणारी, 160 ग्रॅमची ही लेन्स दिवसभर खांद्यावर असली तरी जाणवत नाही. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मात्र ती 80 एमएमसारखी वागते, दृश्याचा कमी भाग पकडते. नरिमन पॉइंटवरून अख्खा राणीचा हार, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची कमान, एका फ्रेममध्ये बसवायला गेलात तर बसणार नाही. कॅमेरा उभा धरून, एक तृतीयांश ओव्हरलॅप ठेवत सहा फोटो काढून जोडायचे. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि फोकस तिन्ही मॅन्युअलवर; नाहीतर आकाशात जोड दिसतात.

सूर्यास्ताला लेन्सपेक्षा जागा महत्त्वाची. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे सरकलेला असतो, त्यामुळे गिरगाव चौपाटीवरून तो मलबार हिलच्या टोकाआड जातो. समुद्रात बुडताना हवा असेल तर नरिमन पॉइंटलाच उभं राहा. एफ 8 (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं), आयएसओ 100 (सेन्सरची संवेदनशीलता), 1/250 सेकंद शटर, इथून सुरुवात करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, तो केशरी रंग धुऊन टाकतो, डेलाइट ठेवा. सूर्य गेला की बरेच जण कॅमेरा बॅगेत टाकतात, आणि खरी निळाई तर त्यानंतरच्या 15-20 मिनिटांत येते.

ट्रायपॉड नसला तरी अडत नाही. कापडी पिशवीत अर्धा किलो तांदूळ भरा, पिशवी कठड्यावर ठेवा, तिच्यात कॅमेरा रुतवा आणि 2 सेकंदांचा टायमर लावा. गाड्यांच्या रेषांसाठी एफ 8 ला 8 सेकंद. एफ 11 ला 15 सेकंद दिलेत तर प्रत्येक दिव्याला चौदा टोकांचा तारा फुटतो, कारण डायफ्रॅमला, म्हणजे छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पडद्याला, सात पाती आहेत आणि पाती विषम असली की किरण दुप्पट. या किमतीत हा तारा फार देखणा आहे.

एफ 1.8 वर रात्रीचं दृश्य टिपू नका. कोपऱ्यातले दिवे पाखरांसारखे पंख पसरतात. एफ 2.8 ला बरंच आवरतं, एफ 4 ला निश्चिंत.

हातात धरून काढायचं असेल तर 1/100. लेन्सला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, त्यामुळे त्याहून हळू गेलं की हात हललेला दिसतो. शिवाय आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. 1/500 ला स्वस्त एलईडीखाली फोटोत पट्टे येतात, 1/100 ला सहसा येत नाहीत. दुकानांच्या उजेडात एफ 2, आयएसओ 1600 पुरतो.

स्टॅबिलायझेशनवाली 18-55 किट लेन्स हाताशी असेल तर नुसत्या इमारतींसाठी ही घेण्यात अर्थ नाही. किट लेन्सच्या एफ 5.6 पेक्षा इथे दहापटीच्या जवळपास उजेड येतो, पण तो कामी पडतो हलणाऱ्या माणसांसाठी: भेळवाल्याचे हात, कठड्यावरून उडी मारणारं पोर.

अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. फक्त मधला पॉइंट ठेवून पाटीवरच्या अक्षराची कड पकडा. लांबच्या दिव्यांसाठी लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पडद्यावरचं चित्र, दहापट मोठं करून हाताने फोकस करा. लेन्सवर अंतराची पट्टी नाही, अंदाजाने अनंतावर नेता येत नाही. रिंग मोटरमार्फत चालते, म्हणून कॅमेरा बंद असताना ती फिरवून काही होत नाही. बंद करण्याआधी फोकस लांबवर न्या, म्हणजे पुढची नळी आत जाते. बाहेर राहिली तर बॅगेत दाब तिच्यावर येतो.

स्वस्त यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा. फ्रेमच्या मध्यापासून बरोबर विरुद्ध बाजूला दिव्यांची हिरवट भुतं (प्रतिबिंबं) दिसतात ती त्याचीच. त्याऐवजी ईएस-68 हूड लावा, तो वेगळा घ्यावा लागतो. भरतीच्या वेळी खारे तुषार काचेवर बसतात. मायक्रोफायबर लगेच घासू नका, आधी ब्लोअर मारा. आणि टेट्रापॉडवर, म्हणजे कठड्याखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरून अँगल शोधू नका, शेवाळ असतं.