आठ वर्षांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : मराठी टायपिंग करणारीचा अनुभव

माझा लॅपटॉप २०१७ च्या दिवाळीतला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. वाईत घरी बसून मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधन करते, तेच माझं पोटापाण्याचं काम. पीएचडीचे प्रबंध, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी, दोन गावांचे इतिहास, पतसंस्थांचे अहवाल, सगळं याच यंत्रावर झालं. काही कळांवरची अक्षरं पुसून गेली आहेत, पण बोटांना जागा पाठ आहेत. लॅपटॉपची एकही तक्रार नव्हती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. माझा सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीवरून हुकलं. नोंदणी केली तर आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे हे मला माहीत होतं. पण त्यानं प्रश्न सुटत नाही, वर्षभर पुढे जातो एवढंच. साताऱ्यात एका दुकानात दाखवायला नेला. दुकानदारानं झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "मॅडम, हे आता भंगारात. पंचेचाळीस हजारांपासून नवीन आहेत." मला ते फार लागलं. जे यंत्र सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत माझ्याबरोबर काम करतं, त्याला भंगार म्हणायला निदान एकदा चालू करून तरी बघावं.

पुण्यातल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, काही पुसू नकोस, काही विकत घेऊ नकोस. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, चालवून बघ. तुझं मराठी त्यात नीट उमटलं तर पुढचं बोलू." हा सल्ला मी आता प्रत्येकाला देते. मिंट बसवायची अख्खी फाइल, तिला आयएसओ म्हणतात, तीन जीबीच्या आसपास आहे. ती रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला. हार्ड डिस्कला हात न लावता समोर अख्खा डेस्कटॉप आला. वायफाय लागलं, आवाज आला, कॅमेरा चालला. मी वापरते ती आवृत्ती २२.२, सिनॅमन डेस्कटॉपची. ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीच्या पायावर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पैसे पडत नाहीत.

माझी खरी परीक्षा मात्र वेगळी होती. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी, जोडला आणि कोऱ्या पानावर माझे नेहमीचे शब्द टाकले: सुऱ्या, कैऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, वाङ्मय, क्लृप्ती, उद्ध्वस्त. मराठी टंकणाऱ्या माणसाला संगणक पारखायचा तर या शब्दांनी पारखावा. 'आचार्यांना' नमस्कार केला जातो आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाची ऑर्डर दिली जाते. दोन्हींत फरक फक्त त्या अर्ध्या र चा. इनस्क्रिप्टमध्ये उजव्या तर्जनीखाली र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग डाव्या मधल्या बोटाखालचा हलन्त, मग य. तिसरी कळ दाबताक्षणी नुक्ता नाहीसा होऊन ती चंद्रकोरीसारखी रेघ य ला येऊन चिकटली. ळ, ॲ, ऑ सगळं जागच्या जागी. बोटांना काहीही नव्यानं शिकावं लागलं नाही. इनस्क्रिप्ट सगळीकडे सारखाच असल्याचा हा फायदा. जे अजून 'मराठी टाइप करायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू' असं विचारतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पंधरा दिवस देऊन इनस्क्रिप्ट शिका. मग यंत्र कुठलंही आलं तरी तुमचं अडणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाचशे जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आणली, साधारण तीन हजारांत. जुनी हार्ड डिस्क काढून डबीत ठेवली, विंडोजसकट, जशीच्या तशी. काही बिनसलं तर चार स्क्रू उघडून परत बसवता येईल एवढा धीर त्यानं मिळाला. मिंट बसायला अर्धा तासही लागला नाही. पूर्वी लॅपटॉप चालू करून मी चहा ठेवायला जात असे. आता पदर खोचून बसेपर्यंत तो तयार असतो. पण यातलं मोठं श्रेय एसएसडीचं आहे, हेही सांगितलं पाहिजे. विंडोजवर राहूनही तुम्ही फक्त एवढा बदल केलात तरी जुना लॅपटॉप हलका होतो.

आता मिंटमध्ये वर्डच्या जागी येणाऱ्या लिबरऑफिसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझे पहिले तीन दिवस इथेच गेले आणि मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला सापडलं नाही.

लिबरऑफिसमध्ये इंग्रजी लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट असे दोन वेगळे रकाने असतात. तुम्ही स्टाइलमध्ये जाऊन पहिल्या रकान्यात फॉन्ट बदलला, आकार चौदा केला, तर इंग्रजी शब्द चौदाचे होतात आणि मराठी मजकूर होता तसाच बाराचा राहतो. मी वैतागून तेच तेच करत होते. उपाय साधा आहे. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांचं पान आहे. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसमोर खूण करायची आणि भाषा मराठी निवडायची. मग प्रत्येक स्टाइलमध्ये दोन्ही रकाने उघड दिसतात. दोन्हींत फॉन्ट आणि आकार भरायचा, आणि ती कोरी फाइल टेम्प्लेट म्हणून जपून ठेवायची. माझ्याकडे आता प्रबंधाचं एक, पुस्तकाचं एक अशी दोन टेम्प्लेट आहेत.

भाषा मराठी निवडल्याचा आणखी एक फायदा झाला, तो मला अनपेक्षित होता. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा कोणती लावली आहे ते बघून फॉन्ट वळण निवडतो. हिंदी लावलेल्या परिच्छेदाची भाषा मराठी केली आणि डोळ्यांदेखत दंडाच्या ल चा पाकळीचा ल झाला, श ला देठ आला. शाळेत बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेली ती अक्षरं. इतकी वर्षं मी हिंदी वळणाची पानं छापून देत होते आणि ग्राहकही चालवून घेत होते, कारण दुसरं काही मिळतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

फॉन्टचा एक धोका मात्र आहे. विंडोजबरोबर येणारा मंगल मिंटमध्ये नसतो. मंगलमध्ये केलेली फाइल उघडली की त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो आणि पानं सरकतात. एका विद्यार्थिनीचा २१२ पानांचा प्रबंध माझ्याकडे १९७ पानांत बसला. तिची अनुक्रमणिका पार कोलमडली. आता मी काम घेतानाच सांगते की फॉन्ट मोफत आणि खुला घेऊ, दोघींकडे तोच बसवू. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता पत्रकांना आणि अहवालांना छान. पुस्तकाच्या मजकुराला आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा टिरो देवनागरी मराठी. टिरोचे वेलांटी-उकार बारीक आकारातसुद्धा उठून दिसतात, मुद्रितं वाचताना डोळ्यांना फार आराम पडतो. हे सगळे विंडोजवरही चालतात, त्यामुळे समोरच्याला काही अडचण येत नाही.

वर्डच्या फाइलींची देवाणघेवाण रोज चालू आहे. शेजारच्या टिपा, दुरुस्त्यांच्या खुणा, तळटिपा दोन्ही बाजूंनी नीट जातात. गुंतागुंतीचे तक्ते कधीमधी हलतात, म्हणून अंतिम प्रत नेहमी पीडीएफमध्येच देते. मराठी शुद्धलेखन तपासणीवर मात्र विसंबू नका. आपल्या विभक्त्या आणि सामान्यरूपं तिला पुरती झेपत नाहीत, बरोबर शब्दांखालीही लाल रेघा येतात. मी ती बंद ठेवते.

जे जमलं नाही तेही लिहिते, नाहीतर हे वाचून कुणी फसायचं.

जुन्या फॉन्टांतल्या फाइली. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आयएसएमचे फॉन्ट, यांतलं लेखन युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखं चालणारं अक्षरांचं प्रमाण, वापरत नाही. फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फॉन्टची फाइल बसवली तर वाचता येतं. टंकायचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजसाठीच बनवलेलं असतं. मी ब्राउझरमधल्या परिवर्तकांनी मजकूर युनिकोडमध्ये आणते आणि मग ओळ न् ओळ तपासते, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास इकडेतिकडे होतात. ज्यांचं सगळं काम अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आणि श्रीलिपीवर चालतं त्या छापखान्यांनी मिंटच्या वाटेला जाऊ नये. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे, तरी आपल्याकडच्या किती पत्रिका आणि स्मरणिका अजून त्यावर लागतात! त्याच्या जागी मिंटमध्ये स्क्रायबस आहे. त्याची १.६ आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. मी त्यावर एक सोळा पानी स्मरणिका लावली. जमली, पण हात बसायला वेळ लागतो.

प्रिंटरनं मला खरं रडवलं. माझा जुना लेझर प्रिंटर ज्या कंपनीचा आहे तिनं त्या मॉडेलसाठी लिनक्सला धड ड्रायव्हर दिलेला नाही. एक अख्खा रविवार गेला, एक कागद बाहेर आला नाही. मुद्रितशोधनाला मला कागद लागतोच, पडद्यावर चुका निसटतात. दीड महिना पीडीएफ घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जात होते. शेवटी भाच्यानं त्याच्याकडचा वायफाय प्रिंटर आणून दिला. तो मिंटनं स्वतःहून शोधला, काहीही न बसवता पान छापलं. म्हणून मिंट बसवण्याआधी, पेनड्राइव्हवरून चालवून बघतानाच, प्रिंटर जोडून एक पान छापून बघा. मी ते केलं नाही आणि ते मला महागात पडलं.

मेनू मराठीतही करून घेता येतात, पण अनुवाद अर्धवट आहे. एक ओळ मराठी, पुढची इंग्रजी. तो स्वयंसेवकांनी केलेला आहे, म्हणून मी तक्रार करणार नाही. रिकाम्या संध्याकाळी त्यात चार ओळींची भर घालावी असं मनात आहे, आपलं कामच शब्दांचं आहे.

अपडेटची पद्धत मला मनापासून आवडली. खालच्या पट्टीवर छोटी ढाल आहे. अपडेट आले की तिच्यावर ठिपका येतो, आणि ते कधी घ्यायचे हे मी ठरवते. प्रबंध सादर करायच्या आदल्या रात्री यंत्र आपणहून अडून बसलं, असं एकदाही झालेलं नाही. टाइमशिफ्ट नावाची सोयही आधीच बसवलेली आहे. ती चालू केली की यंत्रणेची प्रत ठरल्या वेळी घेतली जाते आणि बिघडलं तर मागे जाता येतं. फक्त लक्षात ठेवा, त्यात तुमच्या कामाच्या फाइली नसतात; त्यांची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

आता शेजारच्या गुरुजींनी त्यांचा जुना डेस्कटॉप माझ्याकडे सोपवलाय, चार जीबी रॅमचा. त्यावर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवायची आहे. त्यांना आपल्या शाळेच्या पन्नास वर्षांच्या आठवणी स्वतःच्या हातानं टंकायच्या आहेत. वय सत्त्याहत्तर. इनस्क्रिप्टचा तक्ता मी मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या भिंतीवर लावलाय, आणि काल संध्याकाळी त्यांनी 'शाळेच्या पायऱ्या' हे दोन शब्द न चुकता लिहिले. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन जाणार आहे. पहिलं पान त्यांच्या प्रिंटरवर छापून बघेन, मगच पुढचं.