पंखा, चिलर की बर्फाची बाटली? तापलेल्या टाकीसाठी काय निवडायचं

टाकीतला थर्मामीटर 31 दाखवायला लागला आणि मासे फिल्टरच्या धारेखाली गर्दी करून वर तोंड काढू लागले, की माणूस आधी फ्रीजरकडे धावतो. मीही धावलो होतो. एक लिटरची गोठवलेली बाटली 54 लिटरच्या टाकीत सोडली. टाकी काठोकाठ भरलेली, त्यामुळे बाटलीने आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकललं, तेही थेट एक्स्टेन्शन बोर्डाच्या दिशेने. बोर्ड वाचला. तापमान दोन अंश उतरलं आणि दुपारपर्यंत पुन्हा होतं तिथे आलं.

का आलं, हे हिशोबात दिसतं. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी टाकीइतकं कोमट होईपर्यंत साधारण 110 किलोकॅलरी उष्णता शोषतं. तेच एक लिटर पाणी टाकीच्या तोंडावरून वाफ होऊन उडालं, तर जवळपास 580 किलोकॅलरी घेऊन जातं. म्हणजे पंख्याने एक लिटर पाणी उडवणं हे पाच बाटल्या सोडण्याच्या बरोबरीचं, आणि तेही दिवसभर हळूहळू, माशांना धक्का न देता. बर्फाने तापमान खालीवर नाचतं. 30 अंशांवर स्थिर असलेलं पाणी बहुतेक मासे काही दिवस काढून नेतात. दिवसातून तीनदा 31 वरून 28 वर आणि परत, हे त्यांना जास्त जड जातं.

त्यामुळे बाटली ही अडीनडीची वस्तू. खरी निवड आहे ती पंखा आणि चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, यांच्यात.

पंख्याच्या बाजूने बोलायचं तर तो फारच साधा आहे. टाकीच्या काठाला चिकटणारे छोटे पंखे मिळतात, नाहीतर टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला तरी चालतं. वीज नगण्य. काचेचं झाकण मात्र काढायला हवं, कारण झाकणाखाली दमट हवा कोंडून बसली की वाफ व्हायची थांबते. झाकण काढलं की उडी मारणारे मासे बाहेर पडतात, म्हणून वर जाळी हवी. माझ्या टाकीचं तोंड 60 × 30 सेंमीचं आहे. पंखा रात्रभर चालला की सकाळी काचेवर पाण्याची जुनी रेघ पांढुरकी होऊन वर राहिलेली आणि पाणी बोटभर खाली. या तोंडाला एक सेंमी म्हणजे 1.8 लिटर. एवढं पाणी रोज भरायचं, हीच पंख्याची खरी किंमत. आणि उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. जड पाण्याने रोज भरत राहिलात तर महिन्याभरात टाकीचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, चढलेला दिसेल. भरायला आरओचं पाणी घ्या आणि नेहमीचं पाणी बदलणं चालूच ठेवा.

साधारणपणे 2 ते 4 अंशांचा फरक पडतो. पण तुमच्या खोलीत किती पडेल? हे पैसे घालवण्याआधी घरीच बघता येतं. थर्मामीटरच्या टोकाला सुती कापडाची चिंधी गुंडाळा, खोलीतल्याच पाण्याने ओली करा आणि पंख्यासमोर धरा. पाच-दहा मिनिटांत आकडा उतरून एका जागी थांबेल. तो तुमचा तळ. पंखा कितीही जोरात फिरवा, पाणी त्याच्या खाली जाणार नाही. प्रत्यक्षात थोडं वरच राहील. खोली 32 अंशांवर आणि हवा कोरडी असेल, तर हा आकडा 22 च्या आसपास येतो. तीच खोली दमट असेल, तर 29-30 वरच अडकतो आणि तिथे पंखा फक्त वारा घालतो.

मग टाकीत कोण आहे ते बघायचं. डिस्कसला 28 ते 30 अंश आवडतातच, त्याच्यासाठी चिलर शोधणाऱ्याने आधी हीटरचा थर्मोस्टॅट अडकलेला नाही ना ते तपासावं. एंजल, गप्पी, फायटर यांना 28-29 पर्यंत फारसं बिघडत नाही. निऑन टेट्रा आणि बहुतेक कोरिडोरास त्याआधीच मलूल होतात. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, आणि क्रिस्टल रेड श्रिंपला 24 च्या वर फार काळ ठेवणं म्हणजे कॉलनी हळूहळू गमावणं. चिंधीचा आकडा माशाच्या गरजेपेक्षा दोन-तीन अंश खाली असेल तर पंखा पुरे. बरोबरीला किंवा वर असेल तर चिलरशिवाय पर्याय नाही.

चिलर म्हणजे टाकीचा फ्रीज. आकडा लावला की तो धरून ठेवतो, दमट हवेशी त्याला देणंघेणं नाही, झाकणही ठेवता येतं. महाग असतो, आवाज करतो, त्याला स्वतंत्र पंप किंवा टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर लागतो. त्याची एक खोड लोकांना उशिरा कळते: पाण्यातून काढलेली उष्णता तो खोलीतच फेकतो. दिसायला नको म्हणून टाकीखालच्या कपाटात कोंबला, तर स्वतःचीच गरम हवा ओढत दिवसभर घरघरतो आणि पाणी तिथेच. मागे-पुढे मोकळी जागा नसेल तर घेऊच नका. कॉम्प्रेसर नसलेले छोटे पेल्टियर चिलर अगदी लहान टाकीपुरते. मोठ्या टाकीत वीज खातात आणि काम करत नाहीत.

एकाच खोलीत चार-पाच टाक्या असतील, तर चार चिलरपेक्षा एक एसी सोपा पडतो. पण तो दिवसरात्र चालवायची तयारी हवी.

यातलं काहीही घ्या, ऑक्सिजनचं गणित वेगळं राहतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.6 च. वर माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. धापा टाकणाऱ्या माशांना आधी एअरस्टोन (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) द्या, फिल्टरची धार वर आणून पृष्ठभाग हलता ठेवा, खाणं निम्मं करा, लाइट दुपारऐवजी संध्याकाळी लावा. अनेकदा एवढ्यानेच मासे पुन्हा तळाशी उतरतात आणि चिलरचा विचार मागे पडतो.

पंखा घेतलात तर त्याला तापमान बघून बंद होणारा कंट्रोलर जोडा. नाहीतर पहाटे पंखा पाणी थंड करतो, हीटर तापवतो आणि दोघांचं भांडण तुमच्या मीटरवर फिरतं.

आणि वीज गेली की पंखा, चिलर, फिल्टर सगळेच एकदम गप्प होतात. बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या आणि फ्रीजरमध्ये अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. सोडताना एकेक सोडा, आणि आधी टाकीतलं लिटरभर पाणी काढून.