शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचं शनिवारचं पत्र : एका पालकाचा रिव्ह्यू

हॉटेलांचे, मोबाईलचे, तांबड्या-पांढऱ्याचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, पण आपली पोरं दिवसातले सहा-सात तास जिथं असतात त्या शाळेकडून घरी काय कळवलं जातं याच्यावर कोण लिहीत नाही, म्हणून लिहितोय. आमची थोरली आठवीत आहे आणि पुतण्या याच शाळेतून दहावी होऊन बाहेर पडला. शाळा कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली, मराठी माध्यमाची, अनुदानित. शाळेचं नाव टाकत नाही, कारण बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या पत्राबद्दल काय वाटतं ते बिनधास्त लिहा पण त्यात पोरांची माहिती असते तेव्हा नाव नको, आणि मला ते पटलं.

तर प्रकार असा आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटली की दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर बाईंचं पत्र येतं. पीडीएफ नाही, साधा टाईप केलेला मजकूर, त्यामुळं डिस्प्ले फुटलेल्या जुन्या फोनवर पण वाचता येतो. आणि त्याचीच प्रिंट गेटच्या आतल्या फलकावर लागते. हे मला सगळ्यात आवडलं, कारण सगळ्यांच्या घरात रिचार्ज असतोच असं नाही. सोमवारी सकाळी नातवंडांना सोडायला आलेल्या आज्या त्या फलकापुढं थांबतात नि कुणाकडून तरी वाचून घेतात, हे मी वर्कशॉपला जाताना बऱ्याचदा बघितलंय. माझं उद्यमनगरात टर्निंगचं काम आहे, सकाळी शाळेवरूनच जातो.

आता पत्रात असतं काय. आठवड्यात शाळेत काय झालं, कुठल्या वर्गाची हजेरी घसरली, कोण कुठल्या स्पर्धेला गेलं, पुढच्या आठवड्यात काय आहे, कुठला फॉर्म भरायचाय. ऐकायला साधं वाटतं, पण आधी आमची पोरगी ज्या शाळेत होती तिथल्या ग्रुपवर वर्षभर फक्त दोनच गोष्टी यायच्या, फीची आठवण आणि अभिनंदनाचे बॅनर. बॅनरवर तीच ती पाच-सहा पोरं, गळ्यात मेडल, मागं संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो पोरांपेक्षा मोठे. बाकीच्या पोरांचं शाळेत काय चाललंय हे आईबापाला कळायला काही मार्गच नव्हता, पोरगं घरी येऊन सांगेल तेवढंच, आणि तेरा-चौदा वर्षांचं पोरगं घरी काय सांगतं हे तुम्हाला ठाऊक आहेच, काय झालं शाळेत म्हटलं की काय नाही.

या बाई पहिला नंबर आलेल्याचं लिहितात, नाही असं नाही, पण ते दोन ओळीत. जागा देतात ती दुसऱ्याच गोष्टींना. एक पत्र सांगतो, मी जपून ठेवलंय. शालेय फुटबॉल स्पर्धेत आमच्या शाळेच्या सतरा वर्षांखालच्या मुलींची टीम पहिल्याच मॅचला हरली, चार शून्य. दुसरी कुठली शाळा असती तर हे कळवलंच नसतं. बाईंनी त्याच्यावर जवळजवळ अर्धं पत्र लिहिलं होतं. की शाळेचं ग्राउंड लहान आहे त्यामुळं यातल्या बऱ्याच मुलींनी फुल ग्राउंडवर अकरा-अकराची मॅच त्या दिवशी पहिल्यांदा खेळली, हाफटाईमला तीन गोल खाल्ले होते, नंतर फक्त एकच खाल्ला, गोलकीपर नववीतली मुलगी आहे, तिच्याकडं ग्लोव्हज नव्हते, समोरच्या टीमच्या गोलकीपरनं सेकंड हाफला तिला आपले जादा ग्लोव्हज दिले. आणि शेवटी लिहिलं होतं सोमवारपासून गांधी मैदानावर सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस आहे, ज्या मुलींना यायचंय त्यांच्या घरच्यांनी सोडायची सोय करावी. नाद खुळा पत्र होतं ते. पुढच्या आठवड्याच्या पत्रात कळलं की पेठेतल्या एका तालमीच्या पोरांनी दोन चेंडू आणि ग्लोव्हज आणून दिले, आणि प्रॅक्टिसला आधीपेक्षा जास्त मुली आल्या. ज्या गावात पीटीएम-दिलबहार या तालमींच्या मॅचला शाहू स्टेडियम भरून वाहतं, ज्या गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तिथं शाळेतल्या मुलींच्या फुटबॉलवर कुणीतरी इतकं बारकाईनं लिहितंय हे वाचून लई बरं वाटलं. आमची पोरगी फुटबॉल खेळत नाही पण तिनं ते पत्र दोनदा वाचलं, गोलकीपर तिच्या ओळखीची निघाली.

पावसाळ्यातली पत्रं वेगळीच असतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी नि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यापासून तर जुलै आला की सगळे पाण्याकडंच बघत असतात. आमच्या शाळेत आंबेवाडी-चिखलीकडची पण पोरं आहेत. पाणी वाढायला लागलं की बाई शनिवारची वाट बघत नाहीत, मधेच छोटं पत्र येतं. कुठल्या रस्त्यावर पाणी आलंय, त्या बाजूच्या पोरांची चाचणी पुढं ढकललीय, जी पोरं शहरात पाहुण्यांकडं राहायला आलीत त्यांनी गणवेश नसला तरी साध्या कपड्यात शाळेला यावं, वह्या भिजल्या असतील तर वर्गशिक्षकांना एकट्यात सांगावं. हे एकट्यात सांगावं जे आहे ना, तिथं कळतं की लिहिणाऱ्याला पोरं माहिती आहेत. मदत कुणाला दिली त्याचा फोटो नाही, नावं नाहीत, फक्त एवढंच की ज्यांना पाहिजे होत्या त्यांना वह्या मिळाल्या.

कामाची माहिती किती असते ते पण सांगतो, कारण बऱ्याच पालकांचे पैसे आणि मार्क यात वाचलेत. एनएमएमएस म्हणून आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा असते, केंद्राची. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, पोरगं सरकारी नाहीतर अनुदानित शाळेत पाहिजे, सातवीला ५५ टक्के पाहिजेत, एससी-एसटीला ५०. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० होतात. आमच्या वर्कशॉपमधल्या कामगारांच्या पोरांसाठी ही लहान रक्कम नाही, पण त्यातल्या निम्म्यांना ही परीक्षा असते हेच ठाऊक नव्हतं. बाईंनी शाळा सुरू झाल्या झाल्याच लिहिलं की उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, ऐन वेळी सेतूत गर्दी होते, आणि पैसे पोराच्याच खात्यावर येतात म्हणून त्याच्या नावचं खातं आधार जोडून तयार ठेवा. नुसती जाहिरात चिकटवली नाही, काय आधी करायचं नि काय नंतर हे सांगितलं. मी ते पत्र आमच्या दोन कामगारांना पाठवलं, दोघांची पोरं दुसऱ्या शाळेत आहेत, तिथं काही कळवलंच नव्हतं.

तसंच चित्रकलेचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा म्हणजे चित्र काढायची हौस असं बऱ्याच घरात समजतात, आमच्या भावाचं पण तेच मत होतं. पत्रात बाईंनी सरळ आकडे दिले, इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला ७ गुण, बीला ५, सीला ३. पुतण्या तेव्हा आठवीत होता, ते वाचून भावानं त्याला बसू दिलं, बी ग्रेड मिळाली आणि दहावीला ते पाच गुण धरले गेले. खेळाच्या वाढीव गुणांचं पण असंच, पोरगं खेळून येतं नि सर्टिफिकेट कपाटात पडून राहतं, प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत गेला नाही तर काही उपयोग नाही, हे दरवर्षी आठवणीनं लिहिलेलं असतं.

दहावीच्या निकालाचं पत्र तर प्रत्येक मुख्याध्यापकानं वाचावं असं आहे. निकाल लागला की आपल्याकडं काय होतं, चौकाचौकात फ्लेक्स, ९० टक्क्याच्या वरचे. बाईंचं पत्र त्या दिवशी सुरूच झालं नापास झालेल्या पोरांपासून. की एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीमुळं अकरावीला प्रवेश मिळतो, सगळेच राहिले असले तरी पुरवणी परीक्षा लगेच आहे, फॉर्म शाळेतूनच भरायचाय, या ह्या तारखेला या, सोबत पालक नसले तरी चालेल, आणि आज संध्याकाळी घरात पोराला एकटं सोडू नका. त्याच्या खाली मग शाळेचा निकाल, पहिले आलेले वगैरे. आमच्या गल्लीतलं एक पोरगं गणितात राहिलं होतं, त्याच्या आईनं ते पत्र वाचून त्याला आधी जेवायला घातलं, मग बाकीचं बोलली, हे तिनं स्वतः आमच्या घरात सांगितलं.

अकरावीचं पण. २०२५ पासून ॲडमिशन अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाली, फॉर्मचा भाग एक, भाग दोन, कॉलेजांचे पसंतीक्रम, पालकांची नुसती धांदल. शाळेनं कॉम्प्युटर रूम उघडी ठेवली, पत्रात लिहून कळवलं की पसंतीक्रम भरताना फक्त दोन-तीन नामवंत कॉलेजं टाकून थांबू नका. आमच्या पुतण्याचा फॉर्म तिथंच बसून भरला, कॅफेवाल्याचे पैसे वाचले.

कौतुकाच्या बातम्या पण बाईंच्या हातून वेगळ्या येतात. २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हा सगळ्या ग्रुपवर तोच फोटो फिरत होता, बाईंनी त्या शनिवारी लिहिलं की ५० मीटर थ्री पोझिशन म्हणजे नेमकं काय, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असे तीन प्रकार कसे असतात, आणि कुणाला शिकायचं असेल तर दुधाळीला रेंज आहे, आधी नुसतं बघायला जा. आणि पुढच्याच आठवड्यात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, अख्खं कोल्हापूर हळहळत होतं. त्या आठवड्याच्या पत्रात बाईंनी शाळेच्या नाटकात काम केलेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी दिल्या होत्या, आई ते ऐकताना रडली, तिचं बालपण खासबागेजवळ गेलंय.

आता जिथं कमी पडतं ते. पत्र कधी कधी फार लांब होतं, त्यात महत्त्वाची तारीख मधेच कुठंतरी दडते. तारखा सगळ्यात वर, वेगळ्या द्याव्यात, कामावरून दमून आलेला माणूस खालपर्यंत जाईलच असं नाही. दुसरं, सुरू केलेल्या गोष्टींचं पुढं काय झालं हे नेहमी येत नाही. जूनला लिहिलं होतं आठवड्यातून एक तास लायब्ररीचा, पोरं पुस्तकं घरी नेतील, दिवाळीनंतर त्याचा पत्रात उल्लेखच नाही. पोरीला विचारलं तर म्हणाली तो तास आता गणिताला जातो. हे पण लिहायला पाहिजे होतं, बंद केलं तर का केलं ते.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. विद्यार्थ्यांच्या आयुष्यात स्पर्धा आणि परीक्षाच असतात असं नाही. मुलींच्या टॉयलेटला पाणी असतं का, प्यायच्या पाण्याची टाकी कधी धुतली, दप्तराचं ओझं किती, याच्यावर पत्रात एक ओळ नसते. आमची पोरगी शाळेत दिवसभर पाणी कमी पिते, का ते तिनं आईला सांगितलं, मला नंतर कळलं. जी बाई हरलेल्या मॅचबद्दल इतकं मोकळं लिहू शकते तिनं हे पण लिहावं, पालक मदतीला येतील, माझ्यासारखे प्लंबिंगचं फिटिंग फुकट करून देणारे या पेठेत भरपूर आहेत.

फोटोंचं मात्र सुधारलंय. आधी वर्गाचे फोटो नावासकट यायचे, काही आयांनी हरकत घेतली, आता लांबून काढलेले आणि नाव नसलेले येतात. ग्रुपवर उलट उत्तर टाकता येत नाही, फक्त शाळाच लिहू शकते, त्याच्यावर काही पालक नाराज आहेत पण मला ते बरोबर वाटतं, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांत पत्र सापडलं नसतं. काही विचारायचं असेल तर बुधवारी दुपारी बाई ऑफिसमध्ये भेटतात, अपॉइंटमेंट लागत नाही.

पाचपैकी साडेचार देतो. राहिलेला अर्धा पाण्याच्या आणि टॉयलेटच्या माहितीसाठी राखून ठेवलाय. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या मीटिंगला हे दोन्ही मुद्दे लेखी देणार आहे, लायब्ररीचा तास आणि मुलींच्या टॉयलेटचं पाणी, याच शाळेतले कुणी पालक हे वाचत असतील तर त्या दिवशी यावं आणि सह्या कराव्यात.