बाबांचा जबडा पायाच्या हाडापासून बनवला, आमचा अनुभव

बाबांना खालच्या जबड्याचा कॅन्सर होता. हाड काढावं लागणार आणि त्याच ऑपरेशनमध्ये पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्या आणि थोड्या कातडीसकट काढून नवीन जबडा बनवणार असं डॉक्टर म्हणाले, तर आईचा पहिला प्रश्न, मग हे चालणार कसे? पण शरीराचं बहुतेक वजन शेजारच्या जाड हाडावर असतं, आणि फिब्युलाची घोट्याकडची नि गुडघ्याकडची टोकं ठेवतातच. चौथ्या दिवशी बाबा वॉकर धरून उभे होते.

ऑपरेशन 11 तास चाललं. एक टीम तोंडाकडे, एक पायाकडे. सर्जन अप्रतिम, त्यात वादच नाही, दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली शिवायच्या म्हणजे काय ते मला अजून कळत नाही. पण माझे पाच स्टार रात्रीच्या आयसीयू सिस्टरना. दर तासाला टॉर्च घेऊन फ्लॅपचा, म्हणजे पायातून आणून बसवलेल्या हाड-कातडीच्या तुकड्याचा, रंग बघायचा, बोटाने दाबून बघायचा, डॉपलर यंत्रावर त्यातल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकायचा. दुसऱ्या रात्री अडीचला त्यांना फ्लॅप निळसर वाटला, लगेच फोन, तासाभरात बाबा परत ओटीत. शिरेत गुठळी झाली होती, ती काढली आणि फ्लॅप वाचला. सकाळपर्यंत थांबले असते तर बहुतेक गेलाच असता. म्हणून हॉस्पिटल निवडताना हे नक्की विचारा की रात्री फ्लॅप कोण बघतं आणि मध्यरात्री टीम येते का.

हॉस्पिटलचा मात्र एक स्टार कापतेय कारण पुढचं कोणी आधी सांगितलंच नाही. गळ्यात नळी असल्यामुळे शुद्धीवर आल्यावर आवाज निघणार नाही हे बाबांना माहीतच नव्हतं, ते इतके घाबरले की हात बांधायची वेळ आली, ते मी विसरू शकत नाही. आधी पाच मिनिटं बोलून हातात पाटी-पेन दिलं असतं तरी पुरलं असतं. स्पीच आणि गिळण्याची थेरपिस्टसुद्धा तीन आठवड्यांनी भेटली, तीही आम्ही मागे लागलो म्हणून. तोंड उघडायचे व्यायाम रेडिएशन सुरू व्हायच्या आधीपासूनच करायचे असतात, नंतर जबडा आखडत जातो, तेव्हा तुम्ही स्वतःहून विचारा.

आता आठ महिने झाले. खालचा ओठ बधिर आहे, प-ब-म नीट येत नाहीत, पण फोन वाजला की बाबा स्वतः उचलतात.