अक्कलकोट रस्त्यावरील सामाईक पाळणाघर : दीड वर्षाचा अनुभव

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर काम करते. माझी मुलगी सात महिन्यांची असल्यापासून अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतील सामाईक पाळणाघरात जाते. जवळच्या चार कारखान्यांनी खर्च वाटून घेऊन ते सुरू केले असून, ते चालवण्याचे काम एका महिला संस्थेकडे आहे. मुलाला कुठे ठेवायचे या एकाच प्रश्नापायी सोलापुरातल्या कितीतरी बायकांची नोकरी सुटते, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यात काम मागायला गेले होते. शिलाईची चाचणी उत्तम झाली, पण शेवटी मालकांनी सांगितले, "ताई, तुमचा हात चांगला आहे, पण तीसच्या वर बायका घेतल्या की पाळणाघर काढावे लागते." कायद्याचा उल्लेख त्यांनी खराच केला होता. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 48 नुसार तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक होते. तरतूद बायकांच्या भल्यासाठी होती, पण मोजणी फक्त बायकांचीच असल्यामुळे एकतिसावी बाई मालकाला खर्चाची वाटू लागली. मातृत्व लाभ अधिनियमात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने याच्या जोडीला दुसरी मोजणी आणली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, तर पाळणाघराची सोय हवी आणि ती इतरांबरोबर सामाईक असली तरी चालेल, असे त्यात म्हटले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच आकडा आहे. प्रसूतीच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेविषयी सगळे बोलतात. माझ्या मते नोकरीतल्या समानतेच्या दृष्टीने मोजणीतला हा बदल तितकाच मोलाचा आहे, कारण आता बाईला नाकारून पाळणाघराचा खर्च वाचत नाही.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. तीन वर्षांखालील सतरा मुलांसाठी दोन सेविका, मोठ्या चौदा मुलांसाठी एक सेविका आणि स्वयंपाकाला एक मदतनीस अशी व्यवस्था आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत लहान दहा मुलांमागे आणि मोठ्या वीस मुलांमागे एक सेविका असावी असे म्हटले आहे, त्यात हे बसते. दुपारी मऊ भात, वरण आणि एखादी भाजी मिळते. मेमधल्या उन्हात दोन्ही खोल्यांत कूलर चालू असतो. सेविका मुलांशी मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत बोलतात, त्यामुळे घरी तेलुगू बोलणारी मुलेही पहिल्या आठवड्यातच रुळतात.

एका गोष्टीचे मला विशेष कौतुक वाटते. दारातच एक ब्रश टांगलेला आहे आणि हात धुण्याची सोय आहे. आमच्या बाह्यांवर, पदरावर निळ्या-पांढऱ्या दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असतात. ते झाडल्याशिवाय सेविका बाळ हातात देत नाहीत. एकदा घाईत मी तशीच आत गेले, तर मुलीने माझ्या खांद्यावरचा दोरा उचलून थेट तोंडात घातला. त्या दिवसापासून मी ब्रश कधी चुकवलेला नाही.

कायद्याने आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाता येते, त्यात विश्रांतीची सुट्टीही धरलेली आहे. मात्र आमच्याकडे मजुरी नगावर असल्याने प्रत्येक भेटीत नग कमी होतात, म्हणजे हक्क वापरला की पगार कापला जातो. इथे पाळणाघराची नोंदवही कामी आली. प्रत्येक आईची येण्याची आणि जाण्याची वेळ सेविका स्वतः लिहितात. मी अर्धा-अर्धा तास गायब असते असे पर्यवेक्षक म्हणू लागले, तेव्हा नोंदवहीत माझी सर्वांत लांब भेट चौदा मिनिटांची निघाली. आम्ही सगळ्या जणी ती वही घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो आणि दोन महिन्यांनी भेटीचा वेळ सरासरी नगांप्रमाणे मजुरीत धरला जाऊ लागला.

प्रवेश अर्जावर 'आई किंवा वडील' असा रकाना आहे, हेही मला मोठे वाटते. शेजारच्या यंत्रमाग कारखान्यातील एक कामगार आपल्या दोन मुलांना इथे ठेवतात, कारण त्यांची पत्नी घरी विड्या वळते आणि तंबाखूची धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते. माझी आईही सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत मांडीवर सूप आणि शेजारी मला घेऊन विड्या वळत असे. घरी बसून काम करणाऱ्या या बायका कोणत्याच कारखान्याच्या मोजणीत येत नाहीत. त्यांच्या मुलांना वडिलांच्या नावाने का होईना, जागा मिळते. भेटीचा हक्क मात्र कायद्याने फक्त आईलाच दिला आहे. तो वडिलांनाही मिळाला पाहिजे, नाहीतर मूल सांभाळणे हे बाईचेच काम, हा समज कायद्यातच राहतो.

एक गंभीर उणीव आहे. पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद होते. एप्रिल ते जून हा आमचा हंगाम. त्या दिवसांत सातपर्यंत जादा काम चालते आणि त्याची मजुरी दुप्पट असते. लहान मुले असलेल्या आम्ही सहाला निघतो, त्यामुळे ते काम पुरुषांकडे आणि मूल नसलेल्या मुलींकडे जाते. कागदावर मजुरी सारखी असूनही हंगामाच्या शेवटी आमच्या हाती कमी पैसे पडतात. ते तीन महिने पाळणाघर सव्वासातपर्यंत उघडे ठेवावे, असा अर्ज आम्ही सव्वीस पालकांनी सह्या करून दिला आहे. संस्थेची तयारी आहे. वाढीव खर्चाला चारपैकी दोन कारखान्यांनी होकार दिला आहे.

प्रवेशासाठी मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि कारखान्याचे ओळखपत्र लागते. लहान मुलांची खोली एकच आहे आणि ती सध्या भरलेली आहे, त्यामुळे हंगामापूर्वी जागा हवी असेल त्यांनी फेब्रुवारीतच नाव नोंदवावे.