चित्र छान, पण पाणी कधी प्यायचं?

आमचा फुटबॉल संघ पंधरा वर्षांखालच्या मुलांचा. अकादमीचा, म्हणजे निवडून घेतलेली पोरं. आठवड्याला चार सराव आणि एक सामना. गेला अख्खा हंगाम मी सरावाची आखणी एका ॲपवर केली. त्याआधी बारा वर्षं वहीतच करत होते. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी कंपनीला कळवून झाल्यात, आणि या जातीची बरीचशी ॲप्स आतून सारखीच निघतात. विकत घेण्याआधी काय काय तपासायचं, या नजरेने वाचलंत तरी चालेल.

आवडलेलं आधी सांगते, कारण त्या एका गोष्टीसाठी मी ते अजून ठेवलंय. मैदानावर चौकोन आखून आत खेळाडू टाकले की कोपऱ्यात एक आकडा दिसतो: माणशी किती चौरस मीटर जागा. चौकोन बोटाने ओढून लहानमोठा केला की आकडा बदलतो. बस, एवढंच. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं धरलं तर २२ जणांत माणशी साधारण ३२५ येतात. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. मी ते कधी करत नव्हते.

हंगामाच्या सुरुवातीला प्रेसिंगवर काम चाललं होतं. चारास चार, गोलकीपर नाहीत, चेंडू गमावला की तिथल्या तिथे झडप घालायची. मैदान मी अंदाजाने आखलं होतं, ४० बाय ३०. पोरं पोहोचतच नव्हती. पहिला धावायचा, दुसरा अर्ध्या वाटेत थबकायचा, आणि चेंडूवाला निवांत मान वर करून पास द्यायचा. मी बाजूने "जवळ जा, जवळ जा" ओरडून घसा बसवून घेतला. घरी येऊन तेच ॲपमध्ये काढलं तर आकडा आला १५०. पुढच्या सरावाला २८ बाय २० आखलं, माणशी ७०. तीच पोरं, त्याच सूचना, आणि पहिल्या काही मिनिटांतच बाजूवरचा एक हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) चक्क हसायला लागला, कारण त्याला सारखा चेंडू मिळत होता. मी ज्याला आठवडाभर आळस म्हणत होते ते मैदान आखायला मी ठेवलेल्या कोनांनी (प्लास्टिकच्या शंकूंनी) केलेलं होतं. उलटही खरं आहे. पूर्ण वेगाची लांब धाव हवी असेल तर असल्या खुराड्यात ती मिळत नाही, तिथे पोरं नुसती थांबतात आणि वळतात. तेव्हा हा आकडा रोज लहान करत बसायचा नसतो. आज काय हवंय त्याप्रमाणे तो ठरवायचा.

आता ड्रिलचं, म्हणजे तयार सरावांचं, भांडार. शेकडो आहेत, रंगीत आहेत, आणि बाण असे सरसर फिरतात की बघत राहावं. ॲपमधला बचावपटू फार सभ्य असतो. तुम्ही हलवल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे जी ड्रिल पडद्यावर सगळ्यात सुंदर दिसतात तीच बहुतेक वेळा सगळ्यात पोकळ असतात: कोनाभोवती पास, पास, वळसा, शॉट, आणि अडवायला कुणीच नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते ठीक. माझ्या पोरांचे पाय तयार आहेत, त्यांचं घोडं अडतं ते पास कधी द्यायचा नाही हे ठरवताना. मी आता भांडार उघडलं की एवढंच बघते: समोर विरोधक आहे का, आणि चेंडू हिसकावल्यावर त्याला कुठे तरी जायचं आहे का. या चाळणीतून फार थोडं उरतं. उरतं त्यात रोंडो आहेच: बाहेरच्यांनी चेंडू फिरवायचा, मधल्यांनी हिसकावायचा. डच प्रशिक्षक क्रॉयफने बार्सिलोनात रुजवलेला हा खेळ आता सगळीकडे वॉर्मअपचा टाइमपास झालाय, आणि ॲपनेही त्याला वॉर्मअपच्याच कप्प्यात टाकलंय. तिथला तयार चारास दोनचा चौकोन १० बाय १० चा आहे. आमच्याकडे त्यात मधल्या दोघांची नुसती वरात निघते. मी तो ८ बाय ८ करते, दोन टच (चेंडूला दोनदाच पाय लावायचा), आणि मधल्यांनी चेंडू जिंकला की बाहेरच्या छोट्या गोलात मारायचा. मग बाहेरचे चौघेही शुद्धीवर येतात.

वॉर्मअपवरून आठवलं. फिफाचा ११+, म्हणजे दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्मअप, यात तयार घातलेला आहे, ही चांगली गोष्ट. तीन भाग, पंधरा व्यायाम, नीट केला तर वीसेक मिनिटं. पण त्याच ॲपमध्ये वॉर्मअपचा कप्पा मुळातच दहा मिनिटांचा येतो. नवखा प्रशिक्षक वीस मिनिटांचं दहात कोंबणार, आणि गाळणार नेमकं मधलं, ताकदीचं आणि तोल सांभाळण्याचं. ते कंटाळवाणं असतं ना.

माझं खरं भांडण मात्र वेळेशी आहे. ॲपला वाटतं सराव म्हणजे एकापुढे एक ठेवलेली चित्रं. १५, २०, २०, २५, १०: बेरीज ९०, खाली हिरवी खूण, आपण खूश. आता प्रत्यक्षात बघा. एक भाग संपला की पाणी. मग बिब (संघ ओळखायच्या रंगीत बंड्या) बदलायची. कुणाला तरी लाल हवं असतं, कुणाची बूट-लेस सुटते, छोटे गोल उचलून पंधरा मीटर पलीकडे न्यायचे असतात, आणि एक जण हमखास विचारतो, "मॅडम, मी कुठल्या टीममध्ये?" प्रत्येक बदलाला तीन मिनिटं धरा. चार बदल म्हणजे बारा मिनिटं. ही बारा मिनिटं कुठून जातात? शेवटच्या खेळातून. म्हणजे ज्या २५ मिनिटांसाठी सगळा खटाटोप केला, जिथे शिकवलेलं खऱ्या खेळात उतरतं की नाही ते दिसायचं, तिथे १३ उरतात. दोन महिने माझं हेच होत होतं आणि मी पोरांना रेंगाळू नका म्हणून बोलत होते.

उपाय म्हणून मी "पाणी" नावाचं एक ड्रिल तयार केलं. तीन मिनिटांचं, एकही खेळाडू नसलेलं. ते प्रत्येक भागाच्या मध्ये टाकते, म्हणजे बेरीज खरी येते. फक्त महिनाअखेरीच्या अहवालात ॲपने मला गंभीरपणे कळवलं की तुमच्या प्रशिक्षणाचा १३ टक्के वेळ "पाणी" या कौशल्यावर खर्च झाला. हा अहवाल अकादमीच्या संचालकांकडे आपोआप जातो. त्यांचा फोन आला होता.

दुसरी अडचण हजेरीची. आखणी १८ जणांची, आणि मैदानावर उभे १५. एकाच्या गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाच्या हाडावर दुखत होतं. तो सध्या नुसता वाढतोय. या वयात मुलगा वर्षाला ९-१० सेंटीमीटरही उंच होऊ शकतो, आणि त्या काळात उड्या आणि शॉट मोजूनच द्यावे लागतात. दोघांचा निरोपच नव्हता. मला हवं होतं एकच बटण: तीन जण कमी, बदल. ॲपमध्ये प्रत्येक चित्रात जाऊन ठिपके खोडावे लागतात. त्यात पाऊस भुरभुरत होता, आणि ओल्या बोटाला टॅब दाद देईना. शेवटी सातास सात आणि एक जोकर, जो नेहमी चेंडूवाल्या संघाचा, असं तोंडी ठरवून मोकळी झाले. आता मी आदल्या रात्री प्रत्येक खेळाच्या खाली एक ओळ लिहिते: १६ आले तर असं, १५ आले तर असं. ती ओळ ॲप छापत नाही, म्हणून पेनने.

छपाईचंही ऐकून घ्या. काळ्या-पांढऱ्या कागदावर लाल संघ आणि निळा संघ दोन्ही एकाच राखाडी रंगाचे येतात. पहिल्यांदा मी सहायकाला कागद दिला तर तो बराच वेळ बघून म्हणाला, "सगळे आपलेच आहेत का?" एका संघाला त्रिकोण करा, प्रश्न मिटतो.

सरावाचा भार मोजायची सोय आहे. मुलाने दमछाक ० ते १० मध्ये सांगायची, तिला मिनिटांनी गुणायचं. ७ म्हटलं तर ९० मिनिटांचे ६३०. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. पण ॲप शिट्टी वाजल्या वाजल्या विचारतं, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांचाच दम बोलतो. अर्ध्या तासाने विचारावं. आणि एकेकट्याला विचारावं, कारण घोळक्यात कर्णधार "सहा" म्हणाला की सगळ्यांचे सहा.

आठवड्याचा तयार साचा मात्र मी वापरत नाही. सामन्याआधी चार दिवस ताकद, तीन दिवस आधी मोठी मैदानं, दोन दिवस आधी वेग, आदल्या दिवशी हलकं. पोर्तुगालच्या व्हितोर फ्राद यांच्या विचारातून आलेली ही चौकट व्यावसायिक संघांसाठी सोन्यासारखी आहे. माझी पोरं दिवसभर शाळेत बसून येतात आणि काही जण आदल्या संध्याकाळी शाळेच्या संघाकडूनही खेळून आलेले असतात. साच्याला ते माहीत नसतं.

राहिले गोलकीपर. ॲपमध्ये गोलकीपर म्हणजे गोलासमोरचा पिवळा ठिपका. बाकीचे रोंडो खेळताना ते दोघे काय करतात, हे लिहायला दुसरी समांतर पट्टीच नाही. आमचे गोलकीपर प्रशिक्षक माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा वर करून टॅब पाहिला, "आमची दोघं कुठायत?" विचारलं, आणि परत दिला.

पाचपैकी साडेतीन. एका खात्याची वर्गणी पुढच्या हंगामासाठी भरली आहे, सहायकांची भरली नाहीत. त्यांना मी छापील कागदच देते, त्रिकोणवाला. गोलकीपरचे सर त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने आपलं लिहितात, आणि सराव सुरू होण्याआधी त्यांना कोणत्या मिनिटाला त्यांची पोरं परत हवीत ते मला दाखवून जातात.